गाठीच्या नावावर

आप्पांनी माझ्या चुलत्यावर दावा लावला तेव्हा शिरूरच्या कोर्टातल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "इथं माश्या लिहिलंय. म्हशी म्हणायचंय ना तुम्हाला?"

"माश्याच," आप्पा म्हणाले. "मधाच्या. त्याच्या माश्या माझ्या शेवंतीवर चरत्यात. निम्मा मध मला पायजे."

आप्पा म्हणजे माझे वडील, सावळाराम. निमोण्यात आमची दोन एकर शेवंती आहे. चुलत्यांचं नाव मारुतराव, आम्ही त्यांना नाना म्हणतो. वाटणी झाल्यावर नानांनी त्यांच्या हिश्शात मधमाश्यांच्या वीस पेट्या ठेवल्या. माशीला काही बांध कळत नाही, आणि आप्पांना तेव्हा बांधाशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. सहा वर्षं तो दावा चालला. तारीख असली की दोघे भाऊ एकाच एसटीनं शिरूरला जात. एक ड्रायव्हरच्या मागं बसे, एक शेवटच्या बाकावर. परत येताना जागा बदलत, कारण शेवटच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात आणि न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे.

हा झाला कोर्टातला राग. गावातला वेगळा होता. भजनाच्या लाऊडस्पीकरची वायर आप्पांनी भर एकादशीला कोयत्यानं तोडली होती. महेंद्र गुरुजी, म्हणजे मला चौथीपर्यंत शिकवणारे आमचे मास्तर, त्यांनी एकदा "काय सावळाराम, बरं हाय का?" एवढंच विचारलं, तर "का, मेलो पायजे व्हय?" असं म्हणून आप्पा त्यांच्याशी तीन वर्षं बोलले नाहीत. आणि घरातला राग रोजचा, ताटावरचा. "ह्याला चव न्हाई." आई निमूटपणे मीठ वाढवायची, तिखट वाढवायची. पुढं पुढं आमच्या घरी पाहुणा जेवला की तांब्याभर पाणी पिऊन रडायचा. आप्पा मात्र म्हणायचे, "पार्वती, तुझ्या हाताची चव गेली बघ."

मी प्रगती, त्यांची एकुलती एक मुलगी. दौंडला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीला न्हावऱ्यावरून गाडी बदलून घरी येते. मागच्या वर्षी अशीच एका मंगळवारी दुपारी आले, तर अंगणातूनच गॅसचा वास नाकात शिरला. आई शेतात फुलं तोडायला गेली होती. आत आप्पा शेगडीसमोर उभे होते आणि हातात काडेपेटी.

मी ओरडले. आधी काडेपेटी हिसकावली, मग सिलिंडर बंद केला, मग खिडक्या उघडल्या.

"कसला वास?" आप्पा म्हणाले. "मला तर काय येत न्हाई."

मी त्यांच्या नाकाखाली हिंगाची डबी धरली. काही नाही. फिनेलची बाटली धरली. काही नाही. शेवटी भिजत पडलेलं गोठ्यातलं गोणपाट आणलं, तर म्हणाले, "हे कशाला आणलंस घरात, ओलं लागतंय."

"आप्पा, कधीपासून वास येत नाही तुम्हाला?"

"त्यात काय? शेवंतीला तसाबी कुठं वास असतो!"

असतो. शेवंतीला वास असतो, आणि तो न येणारा शेवंतीचा शेतकरी मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. नाकात काही सापडलं नाही. मग डोक्याचे फोटो काढले. कपाळाच्या मागं, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, मेंदूला खालून ढकलत एक गाठ बसली होती. पेरूएवढी.

आप्पांनी फोटो उजेडात धरून बघितला. "येवढं आत राहतंय, आन् मला भाडं न्हाई," ते म्हणाले. मग तंत्रज्ञाला शिव्या दिल्या.

ऑपरेशन पुण्यात झालं. सकाळी आठला आत नेलं, दुपारी अडीचला बाहेर आणलं. गाठ साधी होती, कॅन्सरची नव्हती, हे नंतर कळलं. पहिले तीन दिवस आप्पा आयसीयूत नुसते पडून होते. चौथ्या दिवशी वॉर्डात आले. सिस्टर सलाईन बदलायला आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही जेवला का?"

आई स्टुलावरून उठली. माझा दंड धरून मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेली.

"प्रगती, हा मानूस आपला न्हाई."

"आई, काहीतरीच काय!"

"तीस वर्षं झाली संसाराला. मला कवा विचारलं न्हाई जेवलीस का म्हनून. तू डॉक्टरांना विचार, आत काय बदलून घातलं का."

तेवढ्यात नाना आले. भांडण भांडणाच्या जागी, पण भावाचं डोकं उघडलंय म्हटल्यावर राहवेना म्हणून आले होते. आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत गेलो. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. म्हणाले, "ही गाठ फार हळू वाढते. दहा-बारा वर्षं तरी असेल. ती वासाच्या नसेवर होती, म्हणून वास गेला. वास गेला की जेवणाची चवही जाते. आणि वर मेंदूचा जो पुढचा भाग आहे ना, तिथं आपल्या रागाचा ब्रेक असतो. गाठीनं तोच दाबून धरला होता. आता दाब गेला. माणूस हळूहळू शांत होईल."

नानांनी खुर्ची पुढं ओढली. "म्हंजी डॉक्टर, माझ्यावर केस टाकली ती ह्या गाठीनं?"

"तसं थेट म्हणता येणार नाही…"

"पन हात असंल तिचा."

"असू शकतो."

"बघायला मिळंल का?"

गाठ तपासणीला गेली होती. डॉक्टरांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. हिरव्या कापडावर एक लालसर गोळा होता आणि शेजारी मापाची पट्टी. नानांनी चष्मा लावला, चष्मा काढला, आणि त्या फोटोकडे अशा नजरेनं बघितलं की जणू समोरच्या पक्षकाराचा चेहरा सहा वर्षांनी पहिल्यांदा दिसत होता.

"येवढीशी तू," ते फोटोला म्हणाले, "आन् मला सत्तावीस तारखांना फिरवलंस!"

तो फोटो त्यांनी मागून घेतला. आम्ही निमोण्याला पोचायच्या आधी गावातल्या तीन ग्रुपवर पोचला होता.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी बिस्किटं आणली, कुणी शहाळं. आणि प्रत्येकाला आप्पांची एकेक जुनी शिवी आठवत होती. आप्पा डोक्याला पांढरी टोपी घालून पलंगावर बसत आणि शांतपणे म्हणत, "ती गाठ बोलली गा. मी कशाला बोलू तुला?" लोकांना ते पटायचं. गाठीला चार शब्द सुनावून, आप्पांना हात जोडून लोक घरी जायचे. दगडोबा आला, ज्याच्या लाऊडस्पीकरची वायर तोडली होती तो. भजनी मंडळाचा पखवाज त्याच्याकडं.

"सावळाराम, वायर तू तोडली न्हाईस," तो म्हणाला. "तुझा आत्मा सोळा आने सोनं हाय. ही काया म्हंजी सदरा. सदऱ्याला डाग पडला व्हता, डॉक्टरनं धुतला."

महेंद्र गुरुजीही आले होते. गुरुजी निवृत्त झाल्यापासून बुद्धविहारात दर रविवारी मुलांना शिकवतात आणि कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करत नाहीत. ते म्हणाले, "दगडोबा, सदरा आणि अंग वेगळं असतं हे तू आधीच धरून चाललास. भगवान बुद्धांनी सांगितलंय, असा आत कायमचा बसलेला आत्मा वगैरे कुणी नाही. दिव्याची ज्योत असते तसं मन असतं. तेल बदललं, वात बदलली, ज्योत बदलली."

"मग सावळारामाचं डोकं उघडलं तवा हा गेला कुठं?" दगडोबा आप्पांकडं वळला. "तू सांग. तुला भूल दिली तवा काय दिसलं? उजेड दिसला का? वरनं सगळं दिसत व्हतं का?"

आईसुद्धा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली.

आप्पांनी बराच वेळ विचार केला. "आठ वाजता भिंतीवर घड्याळ बघितलं," ते म्हणाले. "मंग डोळं उघडलं तर प्रगती दिसली."

"मधी?"

"मधी काय न्हाई."

"अंधार व्हता का?"

"अंधार असता तर अंधार तरी दिसला असता की. झोपलो की निदान झोपलो व्हतो येवढं तरी कळतं. तसंबी न्हाई. सहा तास मी नव्हतोच म्हन."

दगडोबा हिरमुसला. त्याला निदान थोडा उजेड हवा होता. गुरुजी मात्र खुलले. "बघ! मेंदू बंद, सावळाराम बंद. मेंदू चालू, सावळाराम चालू."

"तसं न्हाई गुरुजी," दगडोबा हट्टाला पेटला. "रेडू बंद केला म्हनून टेसनावरचा गानारा मरत न्हाई. त्यो तिकडं गातच असतो. डोकं म्हंजी नुसता रेडू."

मला हे आवडलं. दवाखान्यात मी कितीतरी माणसं शुद्धीवर येताना पाहिली आहेत आणि शुद्ध येते तेव्हा ती आतून येते की बाहेरून, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण गुरुजींकडं उत्तर तयार होतं.

"बरं. रेडिओ. मग मला सांग, रेडिओत एक पेरू कोंबला तर काय होईल?"

"खरखर व्हईल."

"खरखर होईल. पण टेसनावरचा गाणारा अभंग सोडून शिव्या द्यायला लागेल का? आपल्या सावळारामाचा आवाज नाही बिघडला. शब्द बिघडले. बरं ते शब्दसुद्धा नवे, कुणी ऐकले नव्हते असे."

दगडोबा लाल झाला. "म्हंजी तुमचं म्हननं, मेलं की संपलं? मग पाप-पुन्य कुनाला लागायचं?"

"कर्म आहेच की! आत्मा नाही म्हटलं, जबाबदारी नाही असं कुठं म्हटलं मी?"

"आत्मा न्हाई तर जबाबदारी काय पलंगाला लागती व्हय?"

दोघांचे आवाज चढले. दगडोबा गुरुजींना "तुम्हाला साधा पखवाज ऐकू येत न्हाई, आत्मा काय ऐकू येनार" म्हणाला, आणि गुरुजी त्याला "तू चौथीला तीनदा बसलास" म्हणाले. आप्पा दोन्ही हात वर करून म्हणाले, "आरं, गाठ माझ्या डोक्यात व्हती. भांडताय तुम्ही!"

सगळे हसले. फक्त आई हसली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला.

"झालं का समद्यांचं?" ती म्हणाली. "आता मला सांगा. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. लग्नानंतर पाचव्या दिवशी ह्यांना घेऊन मी म्हायेरी चालले व्हते. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जीपमधी ह्यांना खिडकीची जागा भेटली न्हाई, तर हे उतरले आन् मला तिथंच सोडून घरी आले. नव्या नवरीला. गवारीच्या ढिगाशेजारी. तवा कुठं व्हती गाठ?"

दगडोबानं बशीत चहा ओतला. गुरुजींनी बाहेर बघितलं. आप्पा टोपी चाचपू लागले.

"डॉक्टर म्हनले बारा वर्षं. मग आधीच्या अठरांचं काय?" आईचा आवाज बारीक झाला. "आन् त्या बारा वर्षांत मी मीठ वाढवत ऱ्हायले. मला बीपी झाला. ती गोळी काय गाठ खाती? गाव येतं, गाठीला माफ करून जातं. मला कुनी विचारलं का, माफ करायचं का न्हाई?"

ती आत गेली. पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त आप्पाच गोड बोलत होते.

महिनाभरानं कोर्टाची तारीख आली. आप्पा प्रवासाला बरे होते, मी रजा काढून सोबत गेले. यावेळी दोघे भाऊ एसटीत एका बाकावर बसले. नाना भलते खुशीत होते. त्यांचं म्हणणं, न्यायाधीशांना सरळ फोटो दाखवायचा, दावा गाठीनं लावला असं सांगायचं, प्रकरण मिटलं.

आप्पांच्या वकील शितल मॅडम. कोर्टाबाहेर टपरीवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोटोही बघितला, चहाचा कप आधी बाजूला ठेवून.

"असं लिहून देता येईल," त्या म्हणाल्या. "अर्जदार त्या काळात मेंदूच्या आजारामुळं भानावर नव्हता. पण मग त्या बारा वर्षांतल्या त्यांच्या प्रत्येक सहीवर शंका घेता येईल. वाटणी कधी झाली तुमची?"

"सात वर्षं झाली," आप्पा म्हणाले.

"म्हणजे गाठ असतानाच. वाटणीत विहिरीकडची जमीन कुणाला गेली?"

नानांच्या घशात चहा अडकला.

विहिरीकडची जमीन नानांना गेली होती. वाटणीच्या दिवशी आप्पा संतापून ओरडले होते, "घे, विहीर तुलाच घे, पन परत तोंड दाखवू नको!" आणि रागारागात सही ठोकून आले होते. सगळा गाव म्हणाला होता, सावळारामानं पायावर धोंडा मारून घेतला.

"न्हाई न्हाई, मॅडम," नाना घाईनं म्हणाले, "वाटनीच्या टायमाला दादा पुरता शुद्धीवर व्हता. मी सोता बघितलं. डोळं कसं स्वच्छ व्हतं. मोठ्या भावाचं मन हो ते! गाठ नंतर आली."

"पण दावा वाटणीनंतर वर्षभरातच लावलाय."

"मंग त्या वर्षात आली."

"डॉक्टर बारा वर्षं म्हणतात."

"मधी रजेवर असंल!"

शितल मॅडम हसू दाबायला फाईल चाळू लागल्या. आप्पा हसले नाहीत. त्यांनी नानांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "मॅडम, पुढची तारीख घ्या. मला इचार करायचाय."

परतीच्या एसटीत नाना शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

मी आप्पांच्या शेजारी होते. खरं तर शितल मॅडम बोलत होत्या तेव्हापासून मीही मनात वर्षं मोजत होते. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला बघायला केडगावकडचे पाहुणे आले होते. जमीन, ट्रॅक्टर, सगळं होतं. मुलाचे वडील म्हणाले, "शिक्षान बास झालं आता. आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत." आप्पा ताडकन उठले. पोह्याची बशी त्यांनी अंगणात भिरकावली आणि पाहुण्यांना असं काही बोलले की ते चपला हातात घेऊन जीपपर्यंत गेले. नातेवाईक महिनाभर आमच्याकडं आले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी आप्पा मला नर्सिंगच्या प्रवेशाला घेऊन गेले. माझं सगळं आयुष्य त्या भिरकावलेल्या बशीवर उभं आहे. मी ती गोष्ट हॉस्टेलमध्ये मैत्रिणींना किती अभिमानानं सांगितली होती. माझे वडील असे आहेत म्हणून.

"आप्पा," मी विचारलं, "केडगावच्या पाहुण्यांना हाकललं, ते तुम्ही का गाठीनं?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. एसटीत पत्रा फार वाजत होता.

दोन दिवस ते गप्प होते. आईला वाटलं डोक्याच्या टाक्यांत काहीतरी बिघडलं. माझी रजा संपली, तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला फाट्यावर सोडायला आले. एसटीची वाट बघत आम्ही झाडाखाली उभे होतो.

"बशी गाठीनं फेकली असंल," ते अचानक म्हणाले. "मला खरंच सांगता येत न्हाई. तवा नुसतं डोळ्यापुढं लाल झालं. पन दुसऱ्या दिवशी फारम भरायला गेलो, तुला आठवतंय का? खिडकी बंद व्हती. साडेतीन तास उन्हात लायनीत. फोटो कमी पडला म्हनून त्या बाईनं परत धाडलं. मी परत गेलो, फोटो काढला, परत लायनीत ऱ्हायलो. एक शब्द बोललो न्हाई कुनाला."

"आठवतंय."

"ते माझं हाय," आप्पा म्हणाले. "गाठीला येवढा धीर न्हवता."

एसटी आली. मी चढले, आणि बसल्यावर ओढणीनं डोळे पुसत असताना कंडक्टरनं कोरडेपणानं विचारलं, कुठं उतरणार.

पुढच्या रविवारी आप्पांनी सगळ्यांना बोलावलं. मीही गेले. नाना आले, पण दाराजवळच बसले. गुरुजी आणि दगडोबा आले, एकमेकांपासून लांब बसले. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती.

आप्पा उभे राहिले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती. आजपर्यंत ते फक्त ओरडले होते.

"मी लई इचार केला," ते म्हणाले. "वाईट केलं ते गाठीनं आन् चांगलं केलं ते मी, असं धरलं तर बरं वाटतं. पन मारुत्याला इचारलं तर त्याची यादी येगळी. दगडोबाची येगळी. जो त्यो आपल्या सोयीनं गाठ कापतोय. डॉक्टरनं एकदाच कापली." ते थांबले. "आता आत्मा हाय का न्हाई ते तुम्ही दोघं बघा. मला येवढंच कळतं, का त्या बारा वर्षात दुसरं कुनी आलं न्हवतं माझ्या घरात. भाकरी मीच खाल्ली, सह्या मीच केल्या, शिव्या मीच दिल्या. दाबून का व्हईना, मीच. तवा सगळं माझ्याच नावावर लावा. गाठीच्या नावावर काय ठेवू नका."

नानांनी घाबरून विचारलं, "म्हंजी… विहीर?"

"विहीर तुझी. सही माझी हाय."

"आन् दावा?"

"त्योबी माझाच. मीच टाकला, मीच मागं घेनार. पन मारुत्या, तुझ्या माश्या चरत्यात हे खरं हाय. ते मी आताबी म्हनतो."

नानांनी लांब श्वास सोडला. "चरू दे की मंग. दोन बाटल्या देत जाईन."

"चार."

"तीन."

"चार म्हनलं ना!" आप्पांचा आवाज एकदम चढला. मानेवरची शीर फुगली. बसलेली माणसं दचकली, दगडोबा तर अर्धा उठलाच. आप्पांनी डोळे मिटले, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग डोळे उघडून म्हणाले, "बरं, तीन."

मग ते उंबऱ्याकडं वळले. सगळ्यांसमोर आईला काही म्हणायचं हे त्यांना ऑपरेशनपेक्षा अवघड जात होतं, ते दिसत होतं.

"पार्वती, तुझ्या हाताची चव गेली न्हवती. माझं नाक गेलं व्हतं. आन् जीपचं… ते तर गाठबी न्हवती. ते नुसतं नालायकपन."

आईनं पदराला हात पुसले.

"माफ केलं का?" दगडोबानं मधेच विचारलं. त्याला शेवट लवकर हवा होता.

"बघते," आई म्हणाली. "बारा वर्षांचं करीन हळूहळू. आधीच्या अठरांचं अजून मोजायचंय." आणि आत जाऊन तिनं सगळ्यांसाठी पोहे केले. पोह्यांत मीठ बेताचं होतं. आम्हा घरच्यांना ते अळणी लागले, इतकी सवय झाली होती. कुणी बोललं नाही.

दावा पुढच्या तारखेला निकाली निघाला. गुरुजी आणि दगडोबाचा वाद मात्र अजून चालू आहे. आता ते दर गुरुवारी आमच्या ओट्यावर बसतात. गुरुजींनी मेंदूवरचं एक पुस्तक मागवलंय आणि दगडोबानं घरचा जुना रेडिओ दुरुस्तीला टाकलाय, प्रयोग करून दाखवायला. पेरूचा हंगाम आला की बघू म्हणतो.

सहा महिन्यांनी आप्पांना तपासणीला पुण्याला नेलं. वास परत आला नाही, येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोड, खारट, तिखट एवढं कळतं. मग त्यांनी कागदावर एकेक खूण करत नेहमीचे प्रश्न विचारले. झोप? चांगली. चक्कर? नाही. विसरायला होतं का? सोयीचं तेवढं.

"आणि राग?"

"येतो की," आप्पा म्हणाले. "पन आता आधी इचारतो, येऊ का म्हनून."

"आणि तुम्ही काय सांगता त्याला?"

आप्पा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हे कशाला सांगतील! काल ट्रान्सफार्मर जळाला तवा ये म्हनाले त्याला. वायरमन पळाला."

डॉक्टरांनी हसत खूण केली आणि पुढच्या वर्षीची तारीख दिली. आईनं पिशवीतून नानांच्या मधाची एक बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. तीनमधली एक कमी झाली म्हणून आप्पा जिना उतरेपर्यंत कुरकुरत होते.